कोरडवाहू ताटातील वनस्पती स्टेरॉल : प्रस्तावना

प्रत्येक सजीव पेशीभोवती मेदांचे एक अतिशय पातळ पटल असते, आणि प्राणी, बुरशी व वनस्पती यांच्या पेशींत त्या पटलाला हवा तेवढा घट्टपणा व हवी तेवढी लवचीकता देण्याचे काम स्टेरॉल या गटातील संयुगे करीत असतात. प्राण्यांच्या पेशींत हे काम कोलेस्टेरॉल करते, बुरशीत अर्गोस्टेरॉल करते, तर वनस्पतींत त्यासाठी एकाच कुळातील दोनशेहून अधिक संयुगे आढळतात, ज्यांना एकत्रितपणे वनस्पती स्टेरॉल किंवा फायटोस्टेरॉल म्हणतात. माणसाच्या रोजच्या अन्नात यांपैकी तीनच प्रामुख्याने येतात : सिटोस्टेरॉल, कॅम्पेस्टेरॉल आणि स्टिग्मास्टेरॉल. कोलेस्टेरॉलच्या रेणूत २७ कार्बन अणू असतात. त्याच्या बाजूच्या साखळीवर एका कार्बनची भर पडली की कॅम्पेस्टेरॉलचा सांगाडा तयार होतो, दोन कार्बनांची पडली की सिटोस्टेरॉलचा, आणि सिटोस्टेरॉलच्या त्याच साखळीत एक दुहेरी बंध आला की स्टिग्मास्टेरॉल बनते. हा फरक कागदावर क्षुल्लक वाटावा इतका लहान आहे. तथापि मानवी आतडे तो अचूक ओळखते, आणि आहारशास्त्रात या संयुगांना जे महत्त्व आले ते या ओळखीमुळेच.

लहान आतड्यात रोज जे कोलेस्टेरॉल उतरते त्याचा मोठा हिस्सा अन्नातून येत नाही, पित्तातून येतो. यकृत पित्तावाटे दिवसाला सुमारे ८०० ते १००० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल आतड्यात सोडते, आणि त्यापैकी साधारण निम्मे पुन्हा शोषले जाऊन रक्तात परतते. म्हणून अंडे-मांस कधीही न खाणाऱ्या आणि तूपही बेताने घेणाऱ्या माळकरी कुटुंबातील माणसाच्या आतड्यातही कोलेस्टेरॉल भरपूर असते, आणि त्याच्या रक्ततपासणीत ते वाढलेले आढळले तर त्यात आश्चर्य मानण्याचे कारण नाही. मेद पाण्यात विरघळत नसल्यामुळे पित्तक्षार त्याचे सूक्ष्म गोलक बांधतात. या गोलकांत स्टेरॉलांना सामावण्याची जागा मर्यादित असते, आणि अन्नातून आलेले वनस्पती स्टेरॉल ती जागा अडवतात. ज्या कोलेस्टेरॉलला गोलकात जागा मिळत नाही ते शोषले न जाता शौचावाटे बाहेर पडते. पुढे आतड्याच्या भिंतीवर एनपीसी१एल१ नावाचे प्रथिन दोन्ही प्रकारच्या स्टेरॉलांना पेशीत ओढून घेते. परंतु आत आल्यावर एबीसीजी५ आणि एबीसीजी८ या प्रथिनांची जोडी वनस्पती स्टेरॉल जवळजवळ सगळेच परत आतड्याच्या पोकळीत ढकलून देते. परिणामी सिटोस्टेरॉल शंभरात एक भागही शोषले जात नाही, कॅम्पेस्टेरॉल शंभरात दोन भागांच्या आसपास शोषले जाते. स्वतः शरीरात न राहता दुसऱ्याला आत येऊ न देणारे हे पदार्थ आहेत. आतड्यातून कोलेस्टेरॉल कमी आले की यकृत स्वतःचे उत्पादन काहीसे वाढवते, पण त्याचबरोबर रक्तातील एलडीएल कण, म्हणजे कोलेस्टेरॉल वाहून नेणारे व धमन्यांच्या भिंतीत साचणारे कण, अधिक प्रमाणात उचलू लागते, आणि एकूण बेरजेत रक्तातील एलडीएलची पातळी उतरते.

या गुणाची पहिली ठोस नोंद १९५१ साली झाली, जेव्हा पीटरसन यांनी कोलेस्टेरॉलयुक्त खाद्य दिलेल्या कोंबड्यांना सोयाबीनचे स्टेरॉल दिले असता त्यांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल वाढत नाही असे दाखविले. दोन वर्षांनी पोलॅक यांनी माणसांत तसाच परिणाम नोंदविला. त्यानंतर एली लिली या अमेरिकन कंपनीने सायटेलिन या नावाने सिटोस्टेरॉलचे औषध बाजारात आणले, परंतु शुद्ध स्टेरॉलाची भुकटी मेदातही नीट विरघळत नसल्याने मोठमोठ्या मात्रा घ्याव्या लागत, आणि नव्या औषधांसमोर ते मागे पडले. स्टेरॉलाला मेदाम्लाची जोड देऊन त्याचे एस्टर बनविले की ते तेलात सहज मिसळते, या साध्या तांत्रिक सुधारणेने चित्र पालटले. १९९५ साली फिनलंडमध्ये मिएटिनेन आणि सहकाऱ्यांनी १५३ व्यक्तींना वर्षभर स्टॅनॉल एस्टर, म्हणजे दुहेरी बंध काढून टाकलेल्या वनस्पती स्टेरॉलाचे एस्टर, मिसळलेले मार्गारीन दिले आणि एलडीएल सुमारे १४ टक्क्यांनी घटल्याचे प्रसिद्ध केले. त्याच वर्षी ते मार्गारीन फिनलंडच्या दुकानांत आले. त्यानंतरच्या अनेक चाचण्यांचा एकत्रित निष्कर्ष असा की दिवसाला सुमारे २ ग्रॅम स्टेरॉल किंवा स्टॅनॉल घेतल्यास एलडीएल साधारण १० टक्के कमी होते, आणि त्याहून मात्रा वाढविल्यास लाभ फारसा वाढत नाही.

येथवरचा इतिहास प्रयोगशाळेचा आणि कारखान्याचा आहे, आणि या विषयावरील बहुतेक लेखन तेथेच थांबते. प्रस्तुत विवेचनाचा आग्रह मात्र वेगळा आहे. भाकरी, डाळ, तेल आणि चटणी यांतून रोज नकळत मिळणारे दोन-चारशे मिलिग्रॅम स्टेरॉल हे औषधी मात्रेच्या तुलनेत थोडे असले तरी निष्क्रिय नाही, हे दाखविणारा पुरावा सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील ओस्टलुंड यांच्या गटाने या शतकाच्या आरंभी पुढे आणला. त्यांनी बाजारातल्या मक्याच्या तेलातून नैसर्गिक स्टेरॉल काढून टाकले आणि उरलेले तेल चाचणीच्या जेवणात दिले, तेव्हा कोलेस्टेरॉलचे शोषण ३८ टक्क्यांनी वाढले. त्याच तेलात केवळ १५० मिलिग्रॅम स्टेरॉल परत घातल्यावर शोषण सुमारे १२ टक्क्यांनी, आणि ३०० मिलिग्रॅम घातल्यावर सुमारे २८ टक्क्यांनी घटले. गव्हाच्या अंकुराबाबतही त्यांना असेच आढळले. इंग्लंडमधील नॉरफोक परगण्यात बावीस हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांच्या पाहणीत, ज्यांच्या आहारात नैसर्गिक स्टेरॉल अधिक त्यांचे एकूण व एलडीएल कोलेस्टेरॉल काहीसे कमी, असा संबंध २००४ साली मांडला गेला. हा फरक मोठा नव्हता, आणि अशा पाहणीतून कारण सिद्ध होत नाही. पण जो परिणाम जन्मभर रोज दोन वेळा होतो, त्याची थोडी मात्रा कमी लेखण्यासारखी नसते.

हा विचार जालना जिल्ह्यातील धावडा या गावाच्या ताटाला लावून पाहणे उपयुक्त ठरते. भोकरदन तालुक्याच्या उत्तर टोकाकडे, अजिंठ्याच्या डोंगररांगेलगत आणि बुलढाणा जिल्ह्याच्या सीमेजवळ वसलेल्या या परिसरातील शेती मुख्यतः पावसावर अवलंबून आहे. खरिपात कपाशी, मका, सोयाबीन, तूर आणि मिरची, रब्बीत ज्वारी, गहू, हरभरा अशी पिके येथे घेतली जातात. मराठवाड्याच्या या कोरडवाहू पट्ट्यात तेलबियांचे स्थान केवळ बाजारापुरते कधीच नव्हते. ज्वारीच्या शेताच्या कडेने करडईच्या ओळी पेरल्या जात, कारण तिच्या काट्यांमुळे गुरे पिकात शिरत नसत. कोवळी असताना तिच्या पानांची भाजी होई आणि पिकल्यावर बी घाण्यावर जाई. तीळ, जवस, कारळे ही थोड्या जागेत येणारी पिके घरच्या चटणीसाठी राखली जात. हुरड्याबरोबर तीळ-शेंगदाण्याची किंवा जवसाची चटणी, भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि तिळकूट घातलेली मिसळीची भाजी, संक्रांतीला तिळगूळ, हा क्रम ऋतूशी आणि सुगीशी बांधलेला आहे, आणि स्टेरॉलांच्या दृष्टीने पाहिले तर आहारातील सर्वांत समृद्ध पदार्थ नेमके या क्रमात येतात. १०० ग्रॅम तिळात सुमारे ४०० मिलिग्रॅम किंवा त्याहूनही अधिक स्टेरॉल असते, आणि धान्ये, डाळी व तेलबिया या सर्वांत इतके प्रमाण क्वचितच सापडते.

एका सामान्य दिवसाचा हिशेब केवळ अंदाजासाठी मांडता येतो. ३०० ग्रॅम ज्वारीच्या पिठातून, १०० ग्रॅमला सुमारे ५० मिलिग्रॅम या दराने, दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास स्टेरॉल मिळते. तूर किंवा हरभऱ्याच्या डाळीतून तीस-चाळीस, भाजीपाल्यातून जवळपास तेवढेच. १५ ग्रॅम तिळाच्या चटणीतून सुमारे ६०. आणि २५ ग्रॅम करडई तेलातून, १०० ग्रॅमला सुमारे ४४० मिलिग्रॅम धरल्यास, आणखी ११० मिलिग्रॅम. ही बेरीज ४०० मिलिग्रॅमच्या जवळ जाते, आणि दोन वेळच्या जेवणांत विभागली की ओस्टलुंड यांच्या प्रयोगांत एका जेवणापुरते ज्या मात्रांनी शोषण घटले, त्या मात्रांच्या पट्ट्यातच ती बसते. त्याच ताटात भाकरीऐवजी पांढरा तांदूळ व मैद्याचे पदार्थ आले, चटणी गेली आणि करडईच्या जागी पामतेल आले, तर बेरीज निम्म्याहून खाली येते. कोंडा आणि अंकुर हेच धान्यातील स्टेरॉलांचे मुख्य भांडार असल्याने सडलेल्या, पॉलिश केलेल्या आणि चाळून पांढऱ्या केलेल्या धान्यातून ते निघून जाते; जात्यावरच्या किंवा गिरणीतल्या ज्वारीच्या पिठात ते राहते, कारण ज्वारी सहसा अख्खी दळली जाते. ज्वारीच्या दाण्यातील मेदाचा अर्क खाद्यात मिसळल्यावर हॅमस्टर या प्राण्यांत कोलेस्टेरॉलचे शोषण घटल्याचे अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठातील संशोधकांनी २००५ साली नोंदविले आहे. प्राण्यांतील निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लागू करता येत नाही, परंतु भाकरीच्या धान्याकडे पिष्टमय पदार्थ एवढ्याच नजरेने पाहणे अपुरे आहे, इतके त्यावरून निश्चित म्हणता येते.

ताटातील या बदलात तेलाचा वाटा सर्वांत मोठा आहे, म्हणून त्याचा विचार सविस्तर करावा लागतो. भारत आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो आणि त्यात पामतेलाचा हिस्सा सर्वाधिक असतो. ते स्वस्त असते, तळणाला टिकते, आणि फरसाणापासून बिस्किटापर्यंत सर्वत्र वापरले जाते. महाराष्ट्र शासनाने २०२२ च्या दिवाळीत शिधापत्रिकेवर १०० रुपयांत दिलेल्या 'आनंदाचा शिधा' संचात रवा, साखर व चणाडाळीबरोबर एक लिटर पामतेलच होते. गरीब घराच्या सणाला तेलाची मदत होणे ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु १०० ग्रॅम पामतेलात केवळ ५० ते ७० मिलिग्रॅम स्टेरॉल असते आणि त्याच्या मेदाम्लांपैकी निम्म्याच्या आसपास संतृप्त असतात, जी एलडीएल वाढवितात, हेही नोंदविणे आवश्यक आहे. तुलनेने शेंगदाणा तेलात सुमारे २००, सोयाबीन तेलात सुमारे २५०, सरकीच्या तेलात ३०० हून अधिक, तर तीळ, मका आणि भाताच्या कोंड्याच्या तेलात ८०० ते १००० मिलिग्रॅम किंवा अधिक स्टेरॉल आढळते. बाटलीवर ठळकपणे छापलेल्या 'कोलेस्टेरॉलमुक्त' या शब्दाला मात्र काहीच अर्थ नाही, कारण कोणत्याही वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नगण्यच असते. ग्राहकाला उपयोगी पडेल अशी माहिती, म्हणजे त्या तेलात स्टेरॉल किती उरले आहेत, बाटलीवर सहसा नसते.

उरले आहेत असे म्हणण्याचे कारण शुद्धीकरणाच्या प्रक्रियेत आहे. रिफाइंड तेलाचा वास घालविण्यासाठी ते निर्वात टाकीत उच्च तापमानाला तापवून त्यातून वाफ सोडली जाते, आणि वासाच्या द्रव्यांबरोबर स्टेरॉल व ई जीवनसत्त्वाचा काही भागही उडून जातो. हा उडालेला भाग थंड करून गोळा केला जातो, आणि सोयाबीन तेलाच्या शुद्धीकरणातून मिळणारे असे द्रव्य जगभरातील स्टेरॉल उद्योगाचा एक प्रमुख कच्चा माल आहे; दुसरा कच्चा माल म्हणजे पाइन लाकडापासून कागदाचा लगदा करताना निघणारे तेल, ज्यावर फिनलंडचा उद्योग उभा राहिला. मराठवाड्यात पिकलेले सोयाबीन तेल कारखान्यांत जाते, त्याचे तेल शुद्ध होते, आणि त्यातून निघालेला स्टेरॉलांचा अंश महागड्या पूरक पदार्थांत जाऊ शकतो, ही व्यवस्था आर्थिकदृष्ट्या समजण्यासारखी असली तरी पोषणाच्या दृष्टीने उलटी आहे. लाकडी किंवा लोखंडी घाण्यावर काढून केवळ गाळलेल्या तेलात हा अंश कायम राहतो. त्याचा अर्थ घाण्याचे तेल हे औषध आहे असा नव्हे. ते महाग पडते, लवकर खवट होते, आणि त्यातही उष्मांक तेवढेच असतात.

कापसाचा उल्लेख येथे टाळता येत नाही, कारण जालना हे बियाण्यांचे शहर आहे. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी तेथे स्थापन केलेल्या महिको कंपनीमुळे संकरित कपाशीचा प्रसार झपाट्याने झाला, आणि बारवाले यांना १९९८ चे जागतिक अन्न पारितोषिक मिळाले. कपाशी धाग्यासाठी लावली जात असली तरी तिची सरकी हे देशातील एक मोठे तेलबीज आहे. पेंड जनावरांना जाते आणि शुद्ध केलेले तेल माणसांना. तेव्हा कापूस पिकविणारा धावड्याचा शेतकरी त्याच्या नकळत खाद्यतेलही पिकवीत असतो. करडईची कथा उलट्या दिशेने गेली. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने तिचे सुधारित वाण दिले, फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने काटे नसलेला संकर तयार केला. तरीही काट्यांतून करावी लागणारी काढणी, मजुरांचा तुटवडा आणि हरभऱ्याला मिळणारा बरा भाव यांमुळे तिचे क्षेत्र गेल्या काही दशकांत फार आक्रसले.

करडईविषयी हळहळ वाटणे स्वाभाविक आहे, परंतु त्या भरात तिच्या तेलाला हृदयरक्षक ठरविणे शास्त्राला धरून होणार नाही. ऑस्ट्रेलियात सिडनी येथे १९६६ ते १९७३ या काळात हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या किंवा हृदयधमन्यांचा विकार असलेल्या ४५८ पुरुषांवर एक चाचणी झाली, जिच्यात एका गटाला संतृप्त मेदाऐवजी करडई तेल आणि त्याचे मार्गारीन देण्यात आले. त्या गटाचे कोलेस्टेरॉल उतरले, पण मृत्यू अधिक झाले; तिची हरवलेली माहिती मिळवून केलेले संपूर्ण विश्लेषण २०१३ साली प्रसिद्ध झाले. मार्गारीनमधील घातक ट्रान्स मेदाचा त्यात वाटा असावा, असा आक्षेप घेतला जातो, आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. तथापि रक्ततपासणीतील एक आकडा खाली येणे म्हणजे आयुष्य वाढणे नव्हे, हा त्या चाचणीचा धडा स्टेरॉलांनाही लागू पडतो, कारण स्टेरॉलयुक्त पदार्थांनी हृदयविकाराचे झटके वा मृत्यू कमी होतात हे दाखविणारी मोठी चाचणी आजवर झालेली नाही. करडई तेलात सुमारे तीन-चतुर्थांश लिनोलिक आम्ल असते आणि ओमेगा-३ गटातील लिनोलेनिक आम्ल जवळजवळ नसते. जवसाच्या तेलात हेच आम्ल निम्म्याच्या आसपास असते. करडईच्या तेलाबरोबर जवसाची चटणी खाणाऱ्या ताटाची तुलना केवळ करडईचे तेल आणि मार्गारीन दिलेल्या सिडनीच्या ताटाशी करता येत नाही.

मुद्दाम स्टेरॉल मिसळलेल्या पदार्थांविषयी थोडक्यात सांगता येते. एलडीएल वाढलेल्या प्रौढ व्यक्तीने डॉक्टरांच्या सल्ल्याने दिवसाला दीड ते अडीच ग्रॅमच्या मर्यादेत, जेवणासोबत, ते घेतल्यास लाभ होतो. स्टॅटिन गटातील औषधांबरोबर घेतल्यास परिणामाची भर पडते, कारण स्टॅटिन यकृतातील उत्पादन रोखते आणि स्टेरॉल आतड्यातील शोषण. औषध बंद करून मात्र ते घेऊ नयेत. दिवसाला तीन ग्रॅमपेक्षा अधिक मात्रा टाळावी, तसेच गर्भवती, स्तनदा माता व पाच वर्षांखालील बालके यांच्यासाठी ते योग्य नाहीत, असे युरोपातील नियम सांगतात; कारण बीटा कॅरोटीनसारख्या, शरीरात अ जीवनसत्त्व बनविणाऱ्या द्रव्यांचे शोषणही त्यांच्यामुळे घटते. तेच तेल वारंवार उकळत्या कढईत तापविल्यास स्टेरॉलांचे ऑक्सिडीकरण होते, हेही रस्त्याकडेच्या भज्यांच्या कढईबाबत लक्षात ठेवले पाहिजे.

भारतीयांच्या बाबतीत आणखी एक मर्यादा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या इंडियाब या देशव्यापी पाहणीचे २०२३ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात की सुमारे २४ टक्के प्रौढांचे एकूण कोलेस्टेरॉल वाढलेले आहे, ३५ टक्क्यांहून अधिक व्यक्तींना उच्च रक्तदाब आहे आणि ११ टक्क्यांहून अधिक व्यक्तींना मधुमेह. भारतीयांच्या रक्तात ट्रायग्लिसराइड, म्हणजे साठवणीचे मेद, अधिक आणि संरक्षक एचडीएल कमी, हा नमुना विशेष आढळतो, आणि या दोन्हींवर स्टेरॉलांचा प्रभाव फार थोडा पडतो. ज्याच्या पोटाचा घेर वाढला आहे, जो दिवसभर तंबाखू मळतो आणि ज्याच्या चहात साखर बेसुमार असते, त्याचा धोका तिळाच्या चटणीने हटणार नाही.

अखेरीस एका दुर्मिळ आजाराचा निर्देश आवश्यक आहे, कारण वर केलेली सारी प्रशंसा त्या आजारात उलटते. १९७४ साली भट्टाचार्य आणि कॉनर यांनी दोन बहिणींच्या रक्तात वनस्पती स्टेरॉल प्रचंड साचल्याचे नोंदविले. या विकाराला सिटोस्टेरॉलेमिया म्हणतात. एबीसीजी५ किंवा एबीसीजी८ या प्रथिनांपैकी एकाचे जनुक आई आणि वडील या दोघांकडूनही सदोष आले तर आतड्याची बाहेर ढकलण्याची यंत्रणाच बंद पडते, स्टेरॉल रक्तात साठत जातात, कोपर, गुडघे व टाचांच्या स्नायुबंधांवर पिवळसर गाठी उठतात, रक्तपेशींत दोष दिसतात, आणि तरुणपणीच हृदयधमन्या अरुंद होऊ शकतात. मामाच्या मुलीशी विवाह करण्याची रीत मराठवाड्यातील अनेक समाजांत आजही आहे, आणि नात्यातील विवाहांत असे दुहेरी दोष एकत्र येण्याची शक्यता वाढते, म्हणून येथील डॉक्टरांना या आजाराची ओळख असणे महत्त्वाचे ठरते. नेहमीच्या प्रयोगशाळेतील कोलेस्टेरॉल तपासणी वनस्पती स्टेरॉल आणि कोलेस्टेरॉल वेगळे ओळखू शकत नाही, त्यामुळे अशा मुलाचे निदान आनुवंशिक कोलेस्टेरॉलवाढ असे चुकते. खरे निदान वायू-वर्णलेखन या पद्धतीने किंवा जनुक तपासणीनेच होते. ते झाले की तीळ, शेंगदाणे, मक्याचे व करडईचे तेल या मुलांच्या ताटातून कमी करावे लागते, एनपीसी१एल१ प्रथिन रोखणारे इझेटिमाइब हे औषध द्यावे लागते, आणि गाठी नसल्या तरी सख्ख्या भावंडांचीही तपासणी करून घ्यावी लागते.